आतल्या बाजूची हळद

टायर बघायला मी बसडेपोत शिकले, आणि तेही ठिय्या आंदोलनाला बसले असताना.

आमचं गाव नरसीच्या पलीकडे, आडवाटेला. बस फाट्यापर्यंत यायची आणि तिथूनच वळून जायची. फाट्यापासून गावापर्यंत मुरमाचा रस्ता, मधे ओढा. बस गावात यावी म्हणून आम्ही अर्ज दिले, पत्रकं काढली, आणि शेवटी डेपोच्या दारात जाऊन बसलो. पत्रकं मीच लिहायचे. कॉलेजात एका युवक मंडळात ते काम शिकले होते. तिथला नियम असा की जे स्वतः पाहिलं नाही ते छापायचं नाही, आणि जे पाहिलं ते पातळ करून छापायचं नाही. तो नियम मी अजून पाळते. म्हणून माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या पत्रकाला खोटं म्हणणारा अजून भेटला नाही.

ठिय्याला बसलं की दुपार जाता जात नाही. घोषणा सकाळीच संपतात. साहेब जेवायला गेलेले असतात. मी उठून टायरच्या शेडकडे जायचे. तिथला मिस्त्री बोलका होता. आम्ही त्याच्याच साहेबांविरुद्ध ओरडत होतो, पण त्याला ऐकणारं माणूस हवं होतं आणि मला सावली.

"तळव्याला खिळा लागला तर भिऊ नका," तो म्हणायचा. "रस्त्याला टेकतो तो तळवा, तो जाड असतो. पंक्चर काढा, पळवा गाडी. बाजूचं तसं न्हाई. बाजू पातळ. चाक फिरताना दर फेरीला ती दबते अन् उठते. आत दोऱ्याचं कापड असतं, हवेला तेच धरून ठेवतं. वरचं रबर म्हंजे नुसतं पांघरूण."

मग त्याने माझा हात टायरवर ठेवून दाखवलं. ओरखडा असेल तर त्यात नख घालायचं. नख वरच्या वर अडलं तर चालवा. चीर खोल असेल आणि आत दोरा दिसला तर टायर बाद. बाजूला नुसती दबलेली पट्टी दिसली तर घाबरायचं कारण नाही, तो जोड असतो. पण फुगा आला, मग तो लिंबाएवढा असो की बोराएवढा, तर आतलं कापड तुटलेलं आहे आणि हवा आता नुसत्या रबरावर रेटून राहिली आहे.

"अन् त्याला उपाय?" मी विचारलं.

"बाजूला उपाय नसतो, बाई."

"मग तो फुटतो कवा?"

"ते त्याचं त्याला बी म्हाईत नसतं," असं म्हणून तो हसला.

बस काही मिळाली नाही, आश्वासन मिळालं. ते घेऊन आम्ही घरी आलो.

बस आली नाही, पण मामाची जीप आली. हा मामा म्हणजे मायचा चुलतभाऊ, कुरुंद्याचा. त्याने जुनी जीप घेतली आणि आमच्या गावाला गाडी नाही म्हणून इथेच आणून लावली. सकाळी गावातून हिंगोली, संध्याकाळी हिंगोलीहून गाव. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे पोरींना कोणी पाठवत नव्हतं. मी मावशीकडे हिंगोलीत राहून शिकले, पण धाकट्या बहिणीच्या वेळी मावशी राहिली नव्हती. मामाची जीप दारातून निघून शाळेच्या दारात थांबायची, म्हणून आमच्या गावच्या पोरी आठवीत गेल्या. हे मी तेव्हाही मान्य करत होते आणि पत्रकात छापूनही दिलं होतं. मामाने ते पत्रक काचेला चिकटवलं होतं.

धाकटी त्या वर्षी दहावीला होती. आमच्या घरी मेंढरं, वडील कळपामागे, माय रानात आणि घरात. आमच्या भावकीत गावात राहून दहावीला बसणारी ती पहिलीच पोरगी. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, सगळीकडे नव्या पाट्या लागून राहिल्या होत्या, आणि तिला वाटायचं की हे सगळं आपल्यासाठीच चाललं आहे. मी तिला तसंच वाटू दिलं.

दसऱ्याच्या आधी एकदा जीपच्या मागच्या टायरला बाभळीच्या खुंटाचा ओरखडा निघाला. बाया ओरडल्या, आम्ही बसत नाही म्हणाल्या. मी खाली बसून नख घातलं. नख अडलं. मी म्हणाले, "काय न्हाई, बसा." मामा गावभर सांगत फिरला, "भाचीनं पास केली माझी गाडी! आता आरटीओ कशाला पाह्यजे!" मला त्याचा राग आला नाही. नसलेल्या धोक्याला धोका म्हणणं हासुद्धा खोटेपणाच आहे, आणि त्यानंतर खऱ्या धोक्याला कोणी कान देत नाही.

खंडेनवमीला जीप ओढ्यावर धुतली. मामाने कुरुंद्याहून घरची हळद आणली होती, तेलात कालवली की केशरासारखी दिसणारी. गाडीला ओवाळायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि चारही टायरांच्या बाहेरच्या बाजूला हळदीचं स्वस्तिक काढायचं, अशी आमच्याकडची रीत. स्वस्तिक काढायला धाकटी. सगळे स्वस्तिकाच्या घरांत ठिपके देतात, ती ठिपक्यांऐवजी बोटाच्या टोकाने बारीक पाकळ्या काढायची. मामा म्हणाला, "अगं, गाडीला लावून राहिली का नवरीला?" ती म्हणाली, "नवरीपेक्षा जास्त लोकं वाहते ती."

थोड्याच दिवसांनी ओढ्यात उतरताना जीपचं पुढचं डावं चाक दगडावर असं आदळलं की मागचे लोक एकमेकांच्या मांडीवर गेले. दुसऱ्या सकाळी मी बघितलं, तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. त्याच्यावर धाकटीच्या स्वस्तिकाचा एक हात ताणून फाकला होता.

"मामा, हे टायर बाद झालं. काढा."

"बघतो ना."

"बघतो न्हाई, काढा. ह्या चाकाच्या अंगाला पोरी बसतात."

"अगं व्हय, व्हय! बराबर करतो उद्यापर्यंत. काहून तकलीफ करून घेतीस?"

त्या दिवशी त्याने जीप काढली नाही. मला बरं वाटलं. दुसऱ्या सकाळी जीप पिंपळाखाली उभी होती, आणि मामा पुढच्या चाकावर पाय ठेवून, मिशीला पीळ देत.

"टाकलं नवं टायर. बघ, भाचीबाई, पास कर."

मी हात फिरवला. बाजू सपाट. हळदही नाही. काळी, स्वच्छ. नवं नव्हतं, पण चालण्याजोगं होतं. मी मनापासून म्हणाले, "मामा, झाक काम केलं." पोरी चढल्या. हिंगोलीला कोर्टात जाणारे एक आजोबा पुढच्या सीटवर बसले. मला त्या दिवशी छापखान्यात जायचं होतं, म्हणून मीही निघाले होते.

तेवढ्यात धाकटीची पाण्याची बाटली हातातून सुटली आणि गडगडत जीपखाली गेली. ती वाकली. वाकली ती वर येईना.

"अक्का," ती खालूनच म्हणाली, "हे टायर नवं न्हाई. ही माझी हळद हाय."

मी रस्त्यावर आडवी झाले. चाकाच्या आतल्या बाजूला, धुळीखाली, पिवळं स्वस्तिक होतं. घरांत बारीक पाकळ्या. आणि त्याचा एक हात फुग्यावर चढून फाकलेला.

मामाने टायर बदललंच नव्हतं. काढून उलटं बसवलं होतं. फुगा आत, चांगली बाजू बाहेर.

मी उठले. अंगाला माती लागली होती, ती झटकलीही नाही.

"मामा, हे नवं टायर हाय?"

"नवंच बसवलंय की. म्हंजे... नव्यानं बसवलंय."

"फुगा आत केला तुमी."

"आतून गेटर टाकलाय!" मामाने आवाज चढवला. जुन्या टायरचा तुकडा कापून आतून ठिगळासारखा लावतात, त्याला गेटर म्हणतात. "हत्ती बसवला तरी काय न्हाई व्हत त्याला."

"मग हत्ती बसवा. पोरी न्हाई बसनार."

पुढच्या सीटवरून आजोबा म्हणाले, "अगं बाई, माझी तारीख हाय कोर्टात. तुझ्या टायराची सुनावणी सांजच्याला घे ना."

लोक हसले. मामाला जोर आला. तो म्हणाला, "फुटलं का? सांग सगळ्यांदेखत. फुटलं का हे टायर?"

हा प्रश्न मी नंतर फार ठिकाणी ऐकला. शाळेच्या छताबद्दल, विजेच्या तारेबद्दल, ओढ्यावरच्या फरशीबद्दल. पडलं का? लागली का? वाहून गेलं का कोणी? आमच्याकडे पुरावा म्हणजे मढं. मढं आणा, मग बोला. आणि मढं आणलं की म्हणतात, नशीब. मधल्या वेळात, जेव्हा काहीतरी करता येतं, तेव्हा बोलणारा माणूस वेडा ठरतो. मी मामाला म्हणाले, "न्हाई फुटलं. म्हणूनच बोलून राहिले. फुटल्यावर मी काहून बोलू? तवा रडायचंच असतं."

मी आणखी बोलणार होते. भाषण तयार होतं. पण धाकटीने दप्तर उचललं आणि ती जीपपासून दूर जाऊन पिंपळाच्या मुळावर बसली. तिच्या मागोमाग एकेक पोरगी उतरली. मी एवढी आंदोलनं केली, पण माझ्या घोषणेवर इतक्या झटपट कोणी उठलेलं मला आठवत नाही.

जीप बाकीच्यांना घेऊन गेली. त्या दिवशी पोरींची शाळा बुडाली.

संध्याकाळी मायने मला ताट वाढलं नाही, समोर आदळलं. "सगळ्या गावादेखत माझ्या भावाला खोटं पाडलं तू. माझ्या माहेराचं नाक कापलं."

"माय, उद्या त्या टायरावर धाकटीला बसवशील?"

ती चुलीकडे तोंड करून बसली.

मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. एका पोरीचा बाप म्हणाला, "जीप न्हाई तर शाळा न्हाई. बरंच झालं. पाव्हण्यांचा निरोप येऊन राहिलाच व्हता." दुसऱ्याने मान हलवली. टायरची लढाई मी जिंकत होते आणि त्यापायी पोरींची दहावी हरत होते. त्या पोरी जीपमध्ये बसल्या तर जिवाला धोका, न बसल्या तर लग्नाच्या मांडवात. दोन्हीकडून भोगायचं पोरींनीच, आणि टायर मात्र बदलायचं नाही. हा कुठला हिशेब?

वडील पाराच्या कडेला बसले होते. ते सभेत बोलत नसत. त्यांच्या मते बोलणं हे मेंढरांना हाक मारायचं काम.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "आबा, कळमनुरीच्या बाजारात एका अंगानं फुगलेलं मेंढरू घ्याल का तुमी?"

"न्हाई घेत."

"अन् धन्यानं ते अंग लपवलं तर?"

आबा उठले. जीपकडे गेले. अजून उजेड होता. ते चाकापाशी उकिडवे बसले आणि आत हात घालून टायरवर तळवा फिरवला. कळपातल्या जनावराची बगल ते चाचपतात तसाच, डोळे दुसरीकडे ठेवून. मग बोटांनी दाबलं. मामा बाजूला उभा होता.

"पाव्हणं," आबा त्याला म्हणाले, "बाजारात वाईट अंगाचं मेंढरू भिंतीला लावून उभं करत्यात. मी बाजारात गेलो की आदी भिंतीकडलंच अंग बघतो. तुमी टायराला भिंतीला लावलं."

"दाजी, टायर लई महाग झालंय..."

"व्हय. झालंय." आबांनी हात धोतराला पुसला. मग पाराकडे वळून एवढंच म्हणाले, "माझा कळप सकाळी फाट्याकडंच जातो. पोरी मेंढरांसंगं येतील. फाट्यावर बसमधी बसवून देईन. सांजला तिथंच घेऊन येईन. शाळा बंद व्हायची न्हाई."

जिल्हाभर पत्रकं वाटून मी जे करू शकले नव्हते ते माझ्या बापाने एका वाक्यात केलं. ज्या माणसाने लग्नाच्या निरोपाची गोष्ट काढली होती तो चपला पायात सारून घराकडे वळला. आबांच्या बोलण्यावर कोणी प्रश्न विचारत नसे, कारण ते बोलतच नसत.

मग त्या पोरी मेंढरांमागे शाळेला जाऊ लागल्या. पुढे आबा, मागे कळप, त्याच्या मागे निळ्या गणवेशातल्या पोरी, चपला हातात घेऊन ओढा ओलांडणाऱ्या. धाकटी विज्ञानाच्या व्याख्या मोठ्याने म्हणायची. आबा सांगायचे, "कळपातल्या बोकडाला बी प्रकाशसंश्लेषण म्हाईत झालंय." हे कळल्यावर वर्गातली पोरं त्यांना बघून बेंऽऽ करायची. धाकटीने एकाला विचारलं, "तू रोज कशानं येतोस?" तो म्हणाला, जीपने. "मग आज घरी जाताना खाली वाकून बघ. जमलं तर."

मी गप्प बसले नव्हते. हिंगोलीच्या छापखान्यात अर्ध्या कागदाचं पत्रक छापून घेतलं. त्यात निषेध नाही, मागणी नाही, कोणाचं नाव नाही. मिस्त्रीने सांगितलेलं तेवढं: नख अडलं तर बसा. दोरा दिसला तर बसू नका. फुगा दिसला तर कोणालाही बसू देऊ नका. आणि शेवटी मोठ्या अक्षरात: "चाकाची आतली बाजू बघितल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका." ते पिठाच्या गिरणीवर चिकटवलं, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर चिकटवलं. माझ्या सगळ्या लिखाणात मला सगळ्यात जास्त अभिमान त्या अर्ध्या कागदाचा आहे. लोकांनी ते वाचलं आणि लोक वाकले. बाया लुगडं सावरून वाकल्या. कोर्टाच्या तारखेचे आजोबासुद्धा एका सकाळी काठी टेकून वाकले, उठले, आणि जीपकडे पाठ करून मेंढरांमागे चालू लागले. "तारीख चुकली तर पुढची मिळती," असं ते म्हणाल्याचं आबांनी घरी येऊन सांगितलं, आणि त्या दिवशी माय पहिल्यांदा हसली.

मामाची जीप रिकामी फिरू लागली. शेवटी एका सकाळी तो फाट्यावर येऊन थांबला. कळप पोचल्यावर तो आबांना म्हणाला, "दाजी, चला. काढून बघू तुमच्यासमोरच."

फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात चाक खोललं. बस यायला वेळ होता, पोरी गोल करून उभ्या. दुकानदाराने ट्यूब ओढून काढली, गेटर बाजूला केला. गेटर घासून घासून जागचा सरकला होता. त्याच्याखाली कापडाचे दोरे तुटून पिंजारलेले, आणि ट्यूबवर नेमक्या त्या जागी चट्टा पडलेला. दुकानदाराने आतून बोट दाबलं. बाहेरच्या बाजूने बोटाचा आकार उठला. नुसतं रबर राहिलं होतं. पांघरूण.

मामाने स्वतः बोट घालून पाहिलं. मग त्याने धाकटीकडे बघितलं. ती रोज ज्या सीटवर बसायची ती त्याच चाकाच्या अंगाला होती, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि बोटाला लागणं यात फरक आहे. तो म्हणाला, "मला वाटलं गेटर धरंल." कोणी त्याला काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि मला ओळखणारे लोक यावर विश्वास ठेवत नाहीत.

त्याने नवं टायर टाकलं. खरंखुरं नवं, अंगावर रबराचे बारीक केस असलेलं. सोमवारी सकाळी जीप पिंपळाखाली आली. मामा म्हणाला, "चढा गं पोरींनो."

धाकटी म्हणाली, "मामा, आदी आतून बघू द्या."

मामा चिडेल असं वाटलं. पण तो खाली उतरला, चाकापाशी पटकुर अंथरलं आणि म्हणाला, "बघ बाई. चारी बघ."

तिने चारही बघितली. मगच पोरी चढल्या. मार्चमध्ये तिने दहावी दिली, आणि पास झाली. त्या जीपमधल्या बाकीच्या पोरींनीही पुढे एकेक करून दिली. काही पास झाल्या, काही नाही, पण त्या साली टायरापायी कोणाचं लग्न ठरलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मामाने हळदीची वाटी धाकटीच्या हातात दिली. तिने नेहमीसारखी बाहेरून स्वस्तिकं काढली, बारीक पाकळ्या दिल्या. मग अकरावीच्या नव्या गणवेशातच जीपखाली शिरली. माय ओरडली, "अगं, कुठं चालली? ओवाळायचं राह्यलंय!" ती खालून म्हणाली, "आतल्या बाजूला काढून राहिले." चारही चाकांना तिने आतूनही स्वस्तिक काढलं. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत हळद होती आणि कपाळाला ग्रीस.

धाकटी आता नांदेडला नर्सिंगला आहे. बस अजून फाट्यावरूनच वळते आणि माझे अर्ज अजून चालू आहेत. गावात आता तीन जिपा झाल्यात. पण खंडेनवमीला आमच्या गावात गाडीखाली शिरावंच लागतं. मागच्या साली हिंगोलीहून एका नव्या जीपवाल्याने गावात गाडी लावली. पूजेला त्याने चारही चाकांना बाहेरून हळद लावली आणि नारळ फोडायला घेतला. एक आठवीतली पोरगी पुढे आली आणि म्हणाली, "थांबा, आतून राह्यलं."

तो म्हणाला, "आतून कोण बघतंय?"

मामा शेजारीच उभा होता. त्याने वाटी उचलून त्या पोरीच्या हातात दिली आणि नव्या जीपवाल्याला म्हणाला, "आमच्या गावात बघत्यात."